पार्किंगमधून घरात येणारं दार

सरकारी दवाखान्यातल्या नोकरीची माझी पहिली नऊ वर्षं लातूरला, जळीत वॉर्डात गेली. मग बदली होऊन नांदेडला आले, बाळंतपणाच्या वॉर्डात रमले आणि जळालेली माणसं रोज बघणं सुटलं. डोक्यातून मात्र ते गेलं नाही. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की मी आधी बघते, शेगडी कुठं आहे, पडदा तिच्यापासून किती लांब आहे, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का. आमच्या घरात याला नाव आहे. "हिचं सुरू झालं," म्हणतात.

नांदेडच्या बाहेरच्या अंगाला आमचा प्लॉट होता, तिथं घर बांधायला काढलं. नकाशा आमच्या ह्यांनी आणि मिस्त्रीनं बसून ठरवला. हे शाळेत मास्तर, त्यांना संध्याकाळी वेळ असायचा. माझ्या ड्युट्या फिरत्या, त्यामुळं मी जाईपर्यंत प्रत्येक गोष्ट अर्धी होऊन गेलेली असायची. घराच्या उजव्या अंगाला पार्किंग होतं. पुढं शटर, तीन बाजूंनी भिंती, वर स्लॅब. मागच्या भिंतीत एक दार, ते थेट स्वयंपाकघरात उघडायचं. आणि बाजूच्या भिंतीत एक खिडकी, ती मधल्या खोलीत. मधली खोली मामांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची.

मी बघितली तेव्हा खिडकीची चौकट बसून प्लास्टरही झालं होतं.

"ही खिडकी पार्किंगमध्ये कशाला काढली?" मी मिस्त्रीला विचारलं.

"वहिनी, ह्या खोलीला दुसरी बाहेरची भिंतच न्हाई. हवा कुठून येणार?"

"हवा कसली, पेट्रोलचा वास येणार. आणि तिथं काही पेटलं तर धूर थेट मामांच्या उशाशी. हिला विटा लावून बुजवा, आणि हवेसाठी वर गच्चीकडं झरोका काढा."

मिस्त्री ह्यांच्याकडं बघून हसला. हे म्हणाले, "अगं, सिमेंटचं घर हाय. सिमेंट कुठं पेटत असतंय का?"

सिमेंट पेटत नाही, हे मलाही माहीत होतं. माणूस ज्वाळेच्या आधी धुरानं जातो हे मी वॉर्डात कितीदा पाहिलं होतं. अंगावर एक फोड नाही आणि नाकात काजळी, असे पेशंट. ते मी तिथंच, वाळूच्या ढिगाशेजारी उभी राहून सांगितलं. दोघांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर खिडकीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवायचं माप घेणं चाललं होतं.

दाराच्या बाबतीत मात्र मी अडून बसले. मिस्त्रीनं आतून पोकळ असलेलं प्लायवुडचं दार आणून ठेवलं होतं, ते मी बसवू दिलं नाही. गावात एक वेल्डिंगवाले चाचा होते, आमच्या वॉर्डातल्या खाटा दुरुस्त करायला यायचे. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, जाळी नसलेलं, भरीव, आपलं आपण बंद होणारं लोखंडी दार पाहिजे.

"आपलं आपण कशाला, बाई? घराच्या आतलं दार ना?"

"आत कसलं? एकीकडं गाड्या, पेट्रोल, आणि दुसरीकडं माझं स्वयंपाकघर."

चाचांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर कातडी चकचकीत, सुरकुतलेली. जुना डाग. माझ्या ध्यानात आधी कसा आला नाही कुणास ठाऊक.

"पुढं दुकान, मागं घर," ते म्हणाले. "मधी नुसता पडदा. थिनरचा डबा पेटला. पडदा काय आडवणार? पोरं घरात न्हवती, म्हणून वाचलो समजा." मग त्यांनी जमिनीवर खडूनं आकृती काढली. दोन बाजूंना पत्रा, मधे सिमेंटची शीट, चौकटीला कडेनं पट्टी, खाली उंबरा, म्हणजे फट राहायला नको. "वजन होईल. स्प्रिंग दणकट लावावी लागंल."

एवढ्या सगळ्या कामात माझं म्हणणं पहिल्या बोलण्यात कळलेला हा एकच माणूस.

दार बसलं तेव्हा हे म्हणाले, "तिजोरी झाली की घराला." पाहुणे आले की त्यांना ते मुद्दाम दाखवायचे, ओढून सोडायचे, दार धाडकन आपटायचं आणि सगळे हसायचे. हसू देत, म्हटलं. दार लागतंय ना, मग झालं.

पण दार लागेना. म्हणजे, लागूच देईनात.

मामांचा दिवस पार्किंगमध्ये जायचा. शटर वर करून, खुर्ची टाकून, गल्लीतली येणारी-जाणारी माणसं बघत बसायचे. पाणी प्यायला, लघवीला, औषधाला त्यांच्या दहा फेऱ्या आत-बाहेर. एका हातात काठी. त्यांनी काय करावं? पाट्यावरचा दगडी वरवंटा उचलून दाराला लावला. दार सताड उघडं. मी ड्युटीवरून आले, वरवंटा उचलून ओट्याखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराला वरवंटा. मी तो कपाटात ठेवला, तर तिथं वीट आली. वीट अंगणात टाकली, तर पाण्याचा भरलेला डबा आला. ह्यांनाही ते सोयीचं होतं. पिशव्या हातात घेऊन येताना दार ढकलायला नको.

"मामा, हे दार उघडं ठेवायचं नाही," मी म्हणायचे.

"हाव, हाव," ते म्हणायचे. तेवढंच.

आणि इकडं पार्किंग भरत चाललं. कार, मोटरसायकल, फवारणीच्या पंपाचा पेट्रोलचा कॅन, जुनी वर्तमानपत्रं, गाद्या. उमरीकडं आमचं शेत आहे. त्या वर्षी भाव नाही म्हणून हे कापूस घरी घेऊन आले आणि भिंतीला लागून, त्या खिडकीच्या खालपर्यंत मोकळा ढीग टाकला. मी आले तेव्हा पांढरा डोंगर.

"हा इथं नको," मी म्हटलं. "शेतातल्या कोठ्यात ठेवा."

"शेतात राखण कोण करणार? महिन्याची गोष्ट हाय."

महिन्याचे तीन महिने झाले. मधेच ह्यांनी बॅटरीवरची स्कूटर घेतली. शाळेत जायला बरी, आवाज नाही, धूर नाही. तिचं चार्जिंग पार्किंगमध्ये, वायर पुरत नव्हती म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड लावून, आणि बोर्ड ठेवला कापसाच्या ढिगाला टेकून. मी बोर्ड उचलून शटरजवळ नेला. संध्याकाळी तो जागेवर परत. पुन्हा नेला, पुन्हा परत.

"तिकडं वायर पुरत न्हाई," हे म्हणाले. "तू माझ्या मागं का लागून राहिलीस? दुकानदारानं सांगितलंय, काही होत नसतं म्हणून."

एका रविवारी मी ठरवलं, सगळ्यांना घेऊन एकदा चालून बघायचं. आग लागली तर कोण कुठून बाहेर पडणार, मामांना कोण धरणार, बाहेर कुठं एकत्र यायचं. ह्यांची मॅच चालू होती, म्हणाले, षटक संपू दे. मामा म्हणाले, "आग लागली की कळंलच की कुठून पळायचं." मी एकटीच स्वयंपाकघरातून न्हाणीघराजवळच्या मागच्या दारापर्यंत चालत गेले, बोळातून गल्लीत आले, तिथं क्षणभर उभी राहिले आणि गिरणीतून दळण घेऊन घरी परतले. षटक संपलं होतं. पुढचं सुरू झालं होतं.

ती दुपार फाल्गुनाच्या शेवटाकडची होती. माझी सकाळपाळी संपून मी तीनच्या सुमाराला घरी आले. हे शाळेत, पण त्या दिवशी मोटरसायकलवर गेले होते, स्कूटर चार्जिंगला लावून. मामा शटर ओढून, जेवून मधल्या खोलीत झोपलेले, उकाड्यामुळं खिडकीची काच सरकवलेली. मी ओट्याशी उभी राहून भाकरी आणि पिठलं खात होते. पार्किंगचं दार सताड उघडं होतं आणि त्याला तो वरवंटा होता. मला दिसला. खरं सांगते, दिसला, आणि मी म्हटलं, जेवून काढते.

आधी फट् असा आवाज आला. मग फुसफुसल्यासारखा, कुकरची शिट्टी अडकल्यावर येतो तसा. मी वळून बघितलं तर स्कूटरच्या सीटखालून दाट पांढरा धूर जमिनीवरून पसरत होता. प्लग काढावा म्हणून मी दोन पावलं टाकली, तोच सीटखालून जाळाची जीभ बाहेर आली आणि कापसावर गेली. कापूस पेटताना आवाज करत नाही. नुसता उजेड पळत गेला ढिगावरून, खिडकीकडं.

मी मागं फिरले. वरवंट्याला लाथ मारली. हलला नाही. दाराचं सगळं वजन त्याच्यावर. दुसरी लाथ मारली, तेव्हा माझ्या पायाचा अंगठा मोडला, हे नंतर एक्स-रेत कळलं. तेव्हा एवढंच कळलं की वरवंटा घरंगळला आणि दार धाडकन लागलं. गॅसचं बटण बंद केलं आणि मधल्या खोलीकडं पळाले.

तिथं दारात उभं राहून समोरची खाट दिसत नव्हती. खिडकीतून धूर आत ओतत होता. मी खाली बसले, रांगत गेले, मामांचा पाय हाताला लागला, पायच धरून ओढलं. ते खाटेवरून खाली पडले आणि खोकायला लागले. खोकला ऐकून मला बरं वाटलं. काखेत हात घालून त्यांना खोलीबाहेर आणलं, खोलीचं दार ओढून घेतलं आणि मागच्या दारानं बोळात आलो. खिडकीकडं जायच्या भानगडीत मी पडले नाही. काच लावायला गेले असते तर दोघंही आतच राहिलो असतो.

मोकळ्या हवेत आल्यावर मामांना सगळं उमगलं. "माझा कापूस!" म्हणाले आणि काठी नसताना परत आत निघाले. मी त्यांना भिंतीला दाबून धरलं. पंचाहत्तरीचा माणूस, पण शेतातला गडी. माझ्या हातातून सुटत होते.

तोवर गल्ली जमा झाली होती. बादल्या घेऊन चार-पाच जण बोळातून आले.

"बाई, सरका. आतून दार उघडून पाणी मारतो."

"ते दार कुणी उघडायचं नाही."

"अवो, गाड्या जळून राहिल्यात!"

"जळू द्या. पलीकडं पेट्रोल आहे. दार उघडलं की सगळं घर पेटेल, आणि तुम्ही आत असाल."

"बाईला धक्का बसलाय, हिला बाजूला घ्या," कुणीतरी म्हटलं. एकानं माझा दंड धरला. मी मागच्या दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले आणि ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शिव्याही दिल्या असतील. आयुष्यात पेशंटच्या नातेवाइकांशी मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ज्यांच्या घरी तीळगूळ द्यायला जाते, त्या माणसांवर मी कर्कश ओरडत होते आणि ते माझ्याकडं वेड्या बाईकडं बघावं तसं बघत होते. फायर ब्रिगेडला फोन केला का, असं मी विचारलं, तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. केलाच नव्हता. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्यानं केला असेल.

फोन मग मीच केला. गाडी आली, पण गल्लीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना लावलेल्या कारमधून आत घुसेना. त्या काढेपर्यंत पार्किंगमध्ये पेट्रोलचा कॅन फुटल्याचा आवाज आला. बादलीवाले तेव्हा मुकाट बोळाबाहेर गेले.

आग विझल्यावर जवानांपैकी एक जण मला आत घेऊन गेला. पार्किंगमध्ये कारचा नुसता सांगाडा उरला होता. मधल्या खोलीत भिंती काळ्या, खाट गेली, गादी गेली, कपड्यांचं कपाट गेलं, खिडकीच्या ॲल्युमिनियमचे ओघळ खाली येऊन गोठलेले. स्वयंपाकघरात ओट्यावर माझी ताटली होती, तिच्यात अर्धी भाकरी. दारावर आतून रंगाला दोन ठिकाणी फोड आले होते, बस्.

"हे कुणी बनवलं?" त्यानं दारावर हात ठेवून विचारलं. मी चाचांचं सांगितलं. "दार होतं म्हणून घर राहिलं," तो म्हणाला. "ती खिडकी मात्र नको होती."

ते ऐकायला तेव्हा तिथं मी एकटीच होते.

हे आले ते चेहरा पांढराफटक घेऊन. मामा दवाखान्यात, माझ्याच दवाखान्यात, ऑक्सिजनवर आहेत म्हटल्यावर खाली बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "स्कूटरवाल्यावर केस करतो." पुढं आठ दिवस येणाऱ्या प्रत्येकाला स्कूटरचीच गोष्ट सांगितली गेली. येणारे म्हणायचे, देवाची कृपा, जिवावरचं गाडीवर गेलं. नणंदेनं सत्यनारायण घालायला लावला. मी पायाला प्लास्टर घेऊन प्रसादाचा शिरा हलवत होते. बोर्ड, कापूस, वरवंटा, खिडकी, यातल्या एकाचंही नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. काढलं असतं तर 'हिचं सुरू झालं' झालं असतं.

मामा पाचव्या दिवशी घरी आले. खोकला राहिला, तो अजून आहे. त्यांची खाट हॉलमध्ये टाकली. एका सकाळी मी त्यांना औषध देत होते, तर म्हणाले, "वरवंटा मीच ठेवत होतो, बाई."

"माहीत आहे, मामा."

"दार लई जड होतं. ह्या हातात काठी, त्या हातानं ढकलायचं, तवर ते माघारी येऊन पाठीत बसायचं. दोनदा पडता पडता राहिलो." मग थांबून म्हणाले, "तू येवढ्यांदा वरवंटा उचललास. येकदा तरी इचारायचं, मामा, तुमाला दार का उघडत न्हाई म्हणून."

पाय मोडलेल्या पेशंटला आम्ही कुबड्या देतो, जिना चढता येतो का विचारतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मी वर्षभर फक्त 'नाही' म्हणत होते. मी सगळ्यांवर चिडलेली होते, त्या चिडण्यात एवढं साधं विचारायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात चाचा आले. दार तेच ठेवलं, स्प्रिंग काढली आणि दुकानांच्या काचेच्या दाराला असतो तसा, हळूहळू बंद करणारा पंप बसवला. बिजागऱ्या बदलल्या. मामांना बोलावून त्यांच्या हातानं उघडून घेतलं, सोडायला लावलं, पुन्हा उघडून घेतलं. "येतंय का?" "येतंय." खिडकी विटांनी बुजवली आणि खोलीला गच्चीकडून झरोका काढला. मिस्त्री तोच होता. या वेळी तो हसला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी लातूरला माझ्या धाकट्या भावाची वास्तुशांत झाली. घराला पार्किंग होतं, आणि पार्किंगमधून हॉलमध्ये यायला नक्षीच्या जाळीचं प्लायवुडचं दार. बांधकाम चालू असताना मी त्याला दोनदा फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, दवाखान्यातलं घरात आणू नको बरं."

जेवणं झाल्यावर हे पुरुषमंडळींत बसले होते. त्यांची नजर त्या दाराकडं गेली. उठले, दारावर बोटानं टकटक केली आणि सुरू झाले. "हे चालणार न्हाई. पार्किंग आणि घराच्या मधी भरीव दार पाहिजे. आपोआप लागणारं. मधी फट नको, खिडकी नको. माणूस धुरानं जातो, जाळ लांबच राहतो." माझं वाक्य न वाक्य. शब्दही माझे. सगळे माना डोलवत होते. भाऊ म्हणाला, "खरं हाय दाजी. आधी सांगायचं न्हाई का? उद्याच बदलायला टाकतो."

मी बुंदीची परात घेऊन मागंच उभी होते. ती तिथंच टेकवली आणि आत गेले.

जुनी कार जळाल्यावर घेतलेल्या गाडीतून परतताना अहमदपूर मागं पडलं. मग मी म्हटलं, "सगळं तुमचंच होतं का हो ते?"

ह्यांनी समोरचा ट्रक मागं टाकला. "तुझं ऐकत न्हाईत गं ते. माझं ऐकतील म्हणून बोललो."

"आणि तुम्ही? तुम्ही माझं का ऐकलं नाही?"

लोह्याच्या अलीकडं एक टपरी लागली. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि विचारलं, "चहा घेतीस का?" घसा सुकला होता, म्हणून हो म्हटलं. दोघांनी उभ्यानंच चहा घेतला. कप ठेवून निघालो.

भावानं दार बदललं. आठ दिवसांच्या आत. फोन करून त्यानं ते दाजींना कळवलं.